हाती दिलेला गडी

“टेकवा म्हणते ना ती डोली खाली! माणूस चाललाय आणि तुम्ही काय पालखी मिरवताय?”

हा आमच्या मेट्रनबाईंचा आवाज. या आवाजानं आमच्या भोरच्या दवाखान्याच्या भिंतींचा गिलावा दोनदा उतरला होता, आणि एकदा तर उत्रोलीच्या खाचरातले बगळे उठून जे गेले ते पुढच्या भाताच्या लावणीपर्यंत परत फिरकले नाहीत. मी तेव्हा माझ्या खोलीत फाटक्या चादरींच्या फायलीवर सही करत होतो. उठलो नाही. अधीक्षक झाल्यापासून एक शिकलो होतो, की ओरडा ऐकला म्हणून लगेच धावायचं नाही. निम्मी भांडणं साहेब पोचायच्या आत आपणहून दमतात. उरलेली साहेब पोचल्यावरच सुरू होतात.

“न्हाई टेकायची, बाई,” एक पुरुष धापा टाकत म्हणाला. “डागदरच्या हातात द्यायचाय.”

“अहो, डॉक्टरच उभे आहेत तुमच्यापुढं!”

“ह्ये? ह्ये तर पोरगं हाय. आमचा डागदर लई मोठा. मिशीवाला. त्याला बोलवा.”

मिशीवाला म्हणजे मी. चादरींची फाईल मिटली आणि बाहेर आलो.

चैत्र संपत आला होता. दुपारचे चार वाजले असतील, पण अंगणातली फरशी अशी तापलेली, की कुत्री तिच्यावरून तीन पायांवर चालत होती, चौथा पाय आळीपाळीनं गार करत. मधोमध चार गडी उभे. खांद्यावर जाड बांबू, बांबूला बांधलेलं घोंगडं, घोंगड्यात पंचविशीतला एक माणूस. त्याच्या तोंडाचा रंग चुलीतल्या राखेचा. डोलीमागं एक बाई, अनवाणी, काष्टा मारलेला, गुडघ्यापर्यंत लाल धूळ. त्याची थोरली बहीण. आणि आमचे तरुण सर्जन, पुण्याहून येऊन वर्षही झालं नव्हतं, ते त्या लोंबत्या डोलीखाली उकिडवे बसून घोंगड्यातून हात घालून नाडी बघत होते.

“सर, झाडावरून पडलाय,” ते तिथूनच म्हणाले. “नाडी धाग्यासारखी लागतेय. पोट फळी झालंय. पानथरी फुटली असणार.”

पानथरी म्हणजे प्लीहा, डाव्या बरगडीखाली असते, मुठीएवढी. असते तोवर कुणाला तिची आठवण नसते. फुटली की माणूस बाहेर एक थेंब न सांडता आतल्या आत वाहून जातो. पोट उघडून ती काढायची, दुसरा इलाज नाही, आणि त्याला घड्याळ लावलेलं असतं.

“कधी पडला?” मी बहिणीला विचारलं.

“न्याहारीच्या आधी. हिरडा काढाया चढला व्हता. फांदी मोडली अन् खालच्या धोंड्यावर ह्या कुशीवर आला. उठून बसला, पानी पेला, म्हनला आक्का काय न्हाई झालं. मग पांढराफटक पडाया लागला.”

“मग आता डोली खाली ठेवू दे ना त्यांना.”

“तुमी घेतल्याबिगर कशी ठिवत्याल?”

आता हे काय प्रकरण होतं ते सांगितलं पाहिजे, कारण त्याला जबाबदार मीच होतो.

वेल्ह्याच्या वरच्या अंगाला त्या काळी रस्ता म्हणजे पावसानं पाडलेली पायवाट. आजारी माणूस डोलीतूनच उतरायचा. पण सगळी वाट एकाच गावानं चालायची नाही, अशी रीत होती. आपल्या शिवेपर्यंत आपण न्यायचा. शिवेवर पुढच्या गावाचे गडी उभे असायचे, आरोळी आधीच पोचलेली असायची. बांबू या खांद्यावरून त्या खांद्यावर सरकायचा, देणारा म्हणायचा, “हा गडी तुमच्या हाती,” आणि घेणारा म्हणायचा, “घेतला.” एवढं बोलणं झालं की मागचे सुटले, पुढचे बांधले गेले. वरच्या आळीचे आणि बौद्धवाड्यातले गडी एकाच बांबूखाली असायचे. एरवी पाणवठे वेगळे, पण बांबूला ते कुणी सांगितलेलं नव्हतं. मधेच डोली भुईला टेकली तर टेकवणाऱ्या गावाची दहा वर्षं नाचक्की.

ही त्यांची रीत. तिच्यात भर घातली मी.

साठ साल उलटल्यावर मी इथं नवा सर्जन म्हणून आलो तेव्हा अंगात मस्ती अशी, की आरशात बघितलं की आरसाच आधी नमस्कार करायचा. पहिल्याच उन्हाळ्यात देवीची लस टोचायला वेल्ह्याच्या बाजारात गेलो. लोक दंड पुढं करेनात. म्हणून बैलगाडीवर चढून भाषण ठोकलं. “नुसती धुगधुगी असली तरी आणा! माझ्या हातात द्या! माझ्या हातात दिलेला माणूस परत मागायची यमाची टाप नाही!” लस फारशी कुणी घेतली नाही. भाषण मात्र सगळ्यांनी घेतलं. आठवडाभरात रानडुकरानं फाडलेला एक म्हातारा आला, आतडी पंच्यात बांधलेली. वॉर्डबॉय चहाला गेले होते, म्हणून डोलीच्या बांबूला मीच खांदा लावला. पुढच्या गड्यानं सवयीनं म्हटलं, “हा गडी तुमच्या हाती.” मी मिशीला पीळ देऊन म्हटलं, “घेतला!” म्हातारा जगला. टाके किती घातले ते विचारू नका. मी सांगितलेला आकडा दर वर्षी वाढत गेला, आणि शेवटी एवढे टाके मावतील एवढी कातडी त्या म्हाताऱ्याला होती की नाही याचीच मला शंका येऊ लागली.

झालं. तेव्हापासून वेल्ह्याकडून निघणाऱ्या प्रत्येक डोलीचं शेवटचं गाव म्हणजे मी.

आठेक वर्षं मी ते गाव चालवलं. मग अधीक्षक झालो. दवाखान्याच्या ट्रस्टचे लोक हार घेऊन तीनदा माझ्या घरी आले, पाया पडले, मी दोनदा नाही म्हणालो, असं मी भोरमध्ये सगळीकडं सांगितलं आहे. नसरापूरच्या स्टँडवर तर पाच वेळा आले असं सांगितलं. खरी गोष्ट अशी, की अर्ज मीच केला होता. उजव्या हाताचा अंगठा आखडायला लागला होता. सुईचा चिमटा धरला की अंगठा वाकायचा आणि मग सरळ व्हायचं नाव घ्यायचा नाही, रुसलेल्या जावयासारखा. एकदा तर उघड्या पोटावर चिमटाच सुटला. टेबलाच्या पलीकडं मेट्रनबाई होत्या. त्यांनी तो उचलून बाजूला ठेवला, दुसरा माझ्या हातात दिला आणि तोंडातून शब्द काढला नाही. त्या बाई गप्प बसल्या म्हणजे काय असतं, ते ज्यांनी त्यांचा आवाज ऐकलाय त्यांनाच कळेल. पुढच्याच आठवड्यात मी अर्ज लिहिला.

माणसाचे हात त्याच्या आधी निवृत्त होतात तेव्हा उरलेल्या माणसाचं काय करायचं, हे कुठल्याच कॉलेजात शिकवत नाहीत. त्याला खुर्ची देतात. मी तीन वर्षं स्वयंपाकीण आणि धोबी यांची भांडणं मिटवली, गळकी कौलं मोजली, पंचावन्न लोकांना रजा नाकारली. चाकूनं मी कधी दमलो नव्हतो. सलग चौदा तास उभा राहून घरी जाऊन दोन माणसांचं जेवत होतो. खुर्चीत मात्र सकाळी अकरालाच असं वाटायचं, की कुणीतरी आपल्यालाही घोंगड्यात घालून न्यावं.

मधल्या काळात वेल्ह्याची एसटी नेमानं यायला लागली, डोल्या कमी झाल्या. मला वाटलं, लोक विसरले. लोक कसले विसरतात! त्या दिवशी एसटी निघून गेली होती, म्हणून त्यांनी कोळशाचा ट्रक थांबवला, आणि ट्रकमध्येही डोली टेकवली नाही. वेल्ह्यापासून भोरपर्यंत चौघं ट्रकच्या हौद्यात बांबू खांद्यावर घेऊन उभे होते. याला मी मीठमसाला लावत नाही, त्यांच्या खांद्यांवर सुजलेले वळ मी पाहिले. एक बरं झालं, ट्रकचे हिसके त्यांच्या गुडघ्यांनी खाल्ले, त्या माणसाच्या पोटापर्यंत पोचले नाहीत. नसरापूरला कुणी शहाण्यानं सांगितलं होतं, हमरस्ता इथंच आहे, सरळ पुण्याला न्या. बहीण म्हणाली होती, “पुन्यात आमच्या वळखीचा हात न्हाई.”

आणि आता तो ओळखीचा हात खिशात घालून मी उभा होतो.

“सर,” डोलीखालून तरुण सर्जन म्हणाले. “वेळ नाही.”

मी पुढं झालो. बांबूला खांदा लावला. पुढचा गडी, माझ्याच वयाचा, डोळ्यांत कोळशाची पूड गेलेली. त्यानं माझ्याकडं बघितलं. तोंडभर हसला, जणू काही दिवसभराची वाट इथंच संपली.

“हा गडी तुमच्या हाती, डागदर.”

‘घेतला’ हा शब्द मी अनेकदा उच्चारला होता, पण तेव्हा तो उच्चारून मी आत जाऊन पोट उघडत होतो. आज तो शब्द म्हणजे थापच होती, आणि थापा मारायचं मला नवीन नव्हतं. पण या थापेच्या एका टोकाला माणूस लोंबत होता.

बहीण जवळ आली. “तुमीच कापायचं, बरं का. त्या पोराला हात लावू द्यायचा न्हाई. धाकटा हाय माझा. आई गेल्यापासनं म्या वाढिवलाय. तुमी न्हाई म्हनला तर आमी तसंच माघारी जातो.”

ती खरंच गेली असती. बाईचे डोळे तसे होते.

“घेतला,” मी म्हणालो.

बांबू खाली आला. चौघं गडी होते तिथंच तापल्या फरशीवर बसले. ती भाजते हे त्यांच्या लक्षातही आलं नाही.

आत हात धुवायच्या मोरीपाशी मी तरुण सर्जनांना हळूच म्हटलं, “तुम्ही करा. मी नुसता समोर उभा राहतो. बहिणीला शब्द दिलाय.”

“ठीक आहे, सर,” ते म्हणाले आणि कोपरापर्यंत साबण लावत राहिले. या मनुष्याला देवानं बोलण्याचं रेशन कार्ड दिलं असावं आणि तेही हरवलं असावं.

मेट्रनबाई हातमोजे घेऊन आल्या. “कुठले देऊ, साहेब? करणाऱ्याचे का बघणाऱ्याचे?”

“धरणाऱ्याचे द्या,” मी म्हणालो.

“धराल ना नीट?” त्यांनी माझ्या अंगठ्याकडं बघितलं आणि त्यांच्या आवाजाच्या मानानं फारच हळू म्हणाल्या, “डाव्या हातानं धरा.”

रक्त हवं होतं आणि आमच्याकडं रक्ताची एकही बाटली नव्हती. फरशीवर बसलेल्या चौघांचं तपासलं, दोघांचं जुळलं. एक वरच्या आळीचा, एक बौद्धवाड्यातला. खांद्यावरचे वळ ओले असतानाच दोघांनी दंड पुढं केले. तेवढ्यानं काय होणार! म्हणून पोट उघडल्यावर सर्जननी आत सांडलेलं रक्तच वाटीनं उपसून, आठ पदरी गाळणीतून गाळून, बाटलीत भरून त्याच्याच शिरेत परत सोडलं. त्याचं त्याला. ही युक्ती मीच त्यांना शिकवली असं मी पुढं बरीच वर्षं सांगत होतो. त्यांना ती आधीच येत होती.

मेट्रनबाई त्याच्या नाकाशी भुलीचं ईथर धरून बसल्या. टेबलावर टांगलेल्या एकुलत्या दिव्याखाली पोट उघडलं आणि रक्ताची लाट अशी उसळली, की मला वाटलं भाटघरचं धरण फुटलं. मी डाव्या हातानं बरगडीची कड ओढून धरली होती. माझे हात रिकामे नव्हते, पण कामातही नव्हते. मी बघत होतो. आणि बघणारा माणूस गप्प बसेल तर तो मी कसला!

“डावीकडं. अजून डावीकडं. शीर मागच्या बाजूला असते. जठर सांभाळा.”

“सर, जरा...” ते म्हणाले.

मला वाटलं, सल्ला हवाय. मी आणखी वाकून आत बघितलं आणि तीन वाक्यं सांगितली. त्यांची बोटं आत चालत होती. बघताना माझा अंगठा मोज्याच्या आत आपोआप हलत होता, आणि अडकत होता.

“सर, जरा, प्लीज...”

पुन्हा वाकलो. पानथरी दोन ठिकाणी चिरलेली दिसली, पिकल्या फणसासारखी. मी म्हटलं, “हीच ती!” जणू काही ती मलाच शोधायला सांगितली होती. त्यांनी शिरेवर चिमटा बसवला. पहिला बसला. दुसरा बसला. रक्त थांबलं. ते कुठं थांबतं ते डोळ्यांनी दिसत नाही, पण खोलीला कळतं. मेट्रनबाईंनी मनगट धरलं होतं. “नाडी भरतेय,” त्या म्हणाल्या.

पोट शिवून होईपर्यंत मी तिथंच उभा होतो. कमरेत कळ आली होती, आणि खरं सांगायचं तर तीन वर्षांत एवढा दमलो नव्हतो आणि एवढं बरंही वाटलं नव्हतं. टाके त्यांनी बारीक घातले. माझ्यापेक्षा बारीक. हे मी पहिल्यांदा कबूल करतोय, आणि आता लिहितोय म्हणून. बोलताना जमलं नसतं.

बाहेर बहीण ओट्याला टेकून बसली होती. मला बघून उठली. 

“आहे,” मी म्हणालो. “रात्र काढू दे, मग दोन-तीन दिवस. पण आहे.”

“तुमीच काढली न्हवं ती?”

मागं दाराशी तरुण सर्जन येऊन उभे राहिले होते. गळ्यात लोंबणारी मुखपट्टी, कपाळावर कापडाचा वळ.

“मीच,” मी म्हणालो.

ती माझ्या पायांवर वाकली. मी तिला उठवलं नाही, कारण उठवायला वाकलो असतो तर मी तिथंच आडवा झालो असतो. चौघं गडी लांबूनच हात जोडून म्हणाले, “सुटलो आमी.” त्यांतल्या एकानं दाराशी उभ्या असलेल्या सर्जनना हाक मारली, “ए दादा, पानी मिळंल का वाईच?” आणि ते आत जाऊन तांब्या घेऊन आले.

चौथ्या दिवशी त्या माणसानं पेज मागितली, सहाव्या दिवशी भाकरी, आणि आठव्या दिवशी वॉर्डबॉयची विडी चोरली तेव्हा आम्ही समजलो की आता याला धोका नाही. त्या संध्याकाळी माझ्या खोलीत मी तरुण सर्जनना चहाला बोलावलं. टेबलावर चादरींची फाईल तशीच होती. आठ दिवस ते ‘मीच’ मला माशाच्या काट्यासारखं टोचत होतं.

“त्या दिवशीचं वाईट वाटून घेऊ नका,” मी म्हणालो. “त्यांची ती रीत आहे. ‘मीच’ म्हटलं नसतं तर तिचा जीव शांत झाला नसता. उद्या तिला सांगतो सगळं.”

“नका सांगू, सर. त्यांना बरं वाटतंय.”

“माझा अंगठा चालत नाही. तुम्हाला माहीत असेल.”

“हो. मेट्रनबाईंनी सांगितलं होतं, मी रुजू झालो त्या दिवशीच.”

मी चहाचा घोट घेतला. आता थांबायला हवं होतं. पण मी वेल्ह्याच्या बाजारात गाडीवर चढून भाषण केलेला माणूस. आठ वर्षं एका गावासारखं वागलो होतो. म्हटलं, “पण खरं सांगा. मी आत उभा होतो, बघत होतो, बोलत होतो... मी होतो त्याचा काही उपयोग झाला ना?”

त्यांनी बशीतला चहा संपवला आणि बशी कपाखाली नीट ठेवली.

“सर, तुम्ही दिव्याच्या आड येत होतात,” ते म्हणाले.